डी तिमाही

चौतीस वर्षं मी काटे तपासले.
मशीद बंदरच्या मिरचीवाल्यांचे, माहीमच्या कोळणींचे,
रद्दीवाल्या नागजीचा तो स्प्रिंगकाटा
जो किलोमागे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम खायचा
आणि मालकासारखाच कधी ढेकर द्यायचा नाही.
पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक
मला बोटांनी कळायचं.

आता निवृत्त. चेंबूर, छेडानगर, सातवा मजला.
देवनारचा कचऱ्याचा डोंगर आमच्या खिडकीतून दिसत नाही,
रात्री अकरानंतर तो घरात येऊन बसतो.
कुमुदिनीला दोन पंप लागतात, एक निळा, एक तपकिरी.
डॉक्टर म्हणाले, घरातली हवा मोजा.
मोजा म्हणाले. मला.

तीन यंत्रं आणली.
एक भाच्याकडून उसनं, एक लॅमिंग्टन रोडवरून,
एक दहा दिवसांत परत घेऊ या बोलीवर.
जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली,
मध्ये वीतभर जागा, पंखा बंद,
आणि जुन्या रजिस्टरची कोरी राहिलेली पानं काढली.

भाच्याचं यंत्र कायम हिरवं.
उदबत्ती अगदी तोंडाशी धरली, बारा.
मोहरी करपली, बारा.
असे दुकानदार मला ठाऊक आहेत,
साहेब दारात दिसले की आधी चहा सांगतात.

दुसऱ्याला कार्बन डायऑक्साइड कळतो, असं खोक्यावर छापलेलं.
कुमुदिनीने हातांना सॅनिटायझर चोळलं
तर ते किंचाळलं, दोन हजार!
म्हणजे वासावरून अंदाज ठोकत होतं
आणि अंदाजाला शून्यं लावून मिरवत होतं.
गच्चीवर नेलं, भर वाऱ्यात,
जिथे सव्वाचारशेच्या आसपास यायला हवं.
तिथेही त्याचं आपलं भलतंच.

तिसरं कुरकुरतं.
कान लावला तर आतला इवलासा पंखा ऐकू येतो,
हवा ओढतो, कणांना उजेडापुढून नेतो, मोजतो.
दमट सकाळी मात्र पाण्यालाही धूळ म्हणतो.
सरकारी केंद्राचा आकडा नऊ दिवस शेजारी उतरवला.
हे पंधरा-वीसने जास्त.
दुसऱ्या दिवशी जास्त.
नवव्या दिवशीही तेवढंच जास्त.
इथे मी पेन खाली ठेवलं.

चुकीला मी कधी भ्यालो नाही.
सोन्याचांदीचा काटासुद्धा चुकतो,
बाजूने कुणी उसासा टाकला तरी चुकतो.
पण जो रोज एकाच अंगाला, ठरल्या मापाने चुकतो,
त्याच्याशी संसार करता येतो.
“केलाच की तुमच्याशी,” आतून कुमुदिनी.

तेच ठेवलं. दोन परत गेली.
शिक्क्याचा पंच खात्यात जमा करून सहा वर्षं झाली,
तरी हाताला सवय.
उलटं करून बुडाशी मार्करने लिहिलं:
डी तिमाही. वीस जास्त सांगतो. लबाड नाही.

काल रात्री ती उशीचा अभ्रा बदलत होती,
मध्येच थांबली.
“पेटलं,” म्हणाली, आणि खिडकी ओढून घेतली.
यंत्र हिरवंच होतं.
मी घड्याळ पाहिलं, अकरा दहा.
मोरीच्या झरोक्यातून यायचं ते आलंच,
अकरा चौदाला आकडा हलला,
साठ, नव्वद, एकशे चाळीस.
तोवर तिने निळा पंप उशाशी घेतलेला.

सकाळी पट्टी घेऊन रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना आखला.
वर नाव: कुमुदिनी.
शेरा: चार मिनिटं पुढे. सर्दी असल्यास ग्राह्य धरू नये.
पुढील पडताळणीची तारीख, असं खाली छापलेलंच असतं.
एवढी वर्षं ती जागा भरल्याशिवाय
मी पान उलटलं नव्हतं.