फ्यूजच्या जागी

शिवोलीहून रिक्षात, मांडीवर घेऊन आली एस्पेरांसाबाय
जुन्या टॉवेलात गुंडाळलेला रिसीव्हर, तेरा-चौदा किलोंचा.
"बटण दाबलं की काहीच नाही. लाल ठिपका पण नाही.
मेलाच म्हणायचा."
मी म्हटलं, आमच्या धंद्यात तो शब्द शेवटी काढतात.

आधी सोपं.
कॉर्ड वाकवून, ताणून, प्लगच्या मुळाशी दाबून.
निम्मी दुखणी घरच्या भिंतीतच असतात,
लोक उगाच पेटी उचलून आणतात म्हापशापर्यंत.
ही मात्र पेटीतलीच होती.

मग सिरीज बल्ब. शंभर वॅटचा, तारेचा, जुना,
असे आता माझ्याकडे दोनच उरलेत.
भगभगून पेटला तर आत शॉर्ट,
उजळून मंदावला तर सगळं क्षेम.
हा ढिम्म.
म्हणजे वीज उंबऱ्यापर्यंत येते
आणि पाऊल आत टाकत नाही.

अकरा स्क्रू. नदीकाठची खारी हवा
प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवट पीठ होऊन बसलेली.
दोघांना खोबरेल पाजून तासभर वाट बघितली.
झाकण निघालं तेव्हा गोधडीसारखी धूळ,
हीटसिंकच्या कुशीत पालीची दोन अंडी, फुटून रिकामी,
आणि वार्निश जळाल्याचा तो वास
जो मीटरच्या आधी नाकाला कळतो.

फ्यूज जळालेला होता. फार पूर्वीच.
त्याच्या काचेभोवती चॉकलेटची चांदी,
तीन पदर, नखाने घोटून बसवलेली.

या प्रकाराला मी रोज शिव्या देतो.
चांदीतून वीज जाते, पण चांदीला थांबायचं कळत नाही.
फ्यूजला तेवढं एकच कळतं.
मग थांबायचं काम आतल्या कुणावर तरी येतं.
ट्रान्सफॉर्मरच्या पिवळ्या पट्टीखाली, तांब्याला बिलगून,
शेंगदाण्याएवढा थर्मल फ्यूज बसलेला असतो.
मीटर लावला. बीप नाही.

"हे कुणी केलं?" चिमट्यात चांदी धरून विचारलं.
"आलेशून. नाताळची रात्र, दुकानं बंद,
अंगणात पन्नास माणसं, आणि नाचता नाचता हा टप्प.
पोराच्या हातातलं चॉकलेट सोललं त्याने,
दहा मिनिटांत परत नाचायला."
"किती वर्षं झाली?"
"नऊ. तो जाऊन तीन."
मग जरा थांबून, "बोटीवर इलेक्ट्रिशियन होता तो."
आम्ही दोघंही हसलो.
नऊ वर्षं. शिवी अर्धीच राहिली तोंडात.

ब्लेडने पट्टी कापली. नवा थर्मल फ्यूज
डाग देऊन जोडायचा नसतो, तापूनच जाईल बिचारा;
दाबून बसवला. पुढचा फ्यूज नवा, खरा.
बल्ब उजळला, मंदावला.
बल्ब काढला, थेट लावला, आणि हात सवयीने
आवाजाच्या चकतीवर गेला, शून्यापर्यंत.
एक, दोन, तीन, चार.
आत रिलेने टक् केलं.
घड्याळ बारावर मिचमिचू लागलं.

तिने हात पुढे केला आणि थांबली.
"ही फिरवलीस?
मी फक्त बटण दाबायची रे. आवाज त्याने ठेवलेला होता."

चकतीवरच्या धुळीत माझा अंगठा उमटलेला.
एकतीस वर्षं मी प्रत्येक वायरला चिठ्ठी लावतो,
कुठली कुठून निघाली ते बिलाच्या पाठीवर काढून ठेवतो.
हे नाही काढलं.

"दहाच्या आसपास होती," मी म्हटलं. अंदाजानेच.
तिने दहावर नेली. मान हलवली.
"इंजिनाने त्याचे कान गेले होते."
अकरा. बारा. बाराच्या पुढे.
स्टेशन लागलेलं नव्हतं, नुसती खरखर,
दुकान भरून बाहेर रस्त्यावर गेली,
समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून बघितलं.
"हां," ती म्हणाली, "इतका."

पैसे दिले, टॉवेल नीट गुंडाळला, गेली.
चांदी तिने मागितली नाही.
स्क्रूंच्या डबीत पडली आहे माझ्याकडे,
टाकायची म्हणून.