कंपनी क्ष

सोमवार, बुधवार, सात ते दहा.
पुएर्तो मोंतच्या टेकडीवर विद्यापीठ, बंदराचे दिवे खाली.
वर्गातला हीटर एकाच बाजूला ऊब देतो
म्हणून आम्ही एकवीस जण डावीकडे दाटीवाटीनं बसतो
आणि प्राध्यापक इचेवेरी सवयीनं
रिकाम्या उजवीकडे बघत शिकवतात.
विषय : संघटनात्मक वर्तन.

मी फॅक्टरीतून थेट येते. लिंबानं हात चोळले तरी
साल्मन जात नाही, वहीच्या कोपऱ्यांना लागतो.
शेजारचा बेंजामिन, बँकेतला, सभ्य मुलगा,
खिडकी किलकिली करतो आणि म्हणतो, फार गरम होतंय.
याला काय म्हणायचं, ते बहुधा पुढच्या धड्यात आहे.

फळ्यावर त्रिकोण. तळाशी पोट, टोकाला आत्मसिद्धी.
मी मनातल्या मनात आमच्या लाईनवरच्या बायका
एकेक करून वर चढवून बघते.
ओतिलिया दुसऱ्याच पायरीवर बसते, गमबूट काढते,
म्हणते, इथंच बरं आहे बाई, वर वारा फार.

गेल्या बुधवारी परीक्षेत केस आली.
दीड पान, झेरॉक्स फिकट.
'कंपनी क्ष, दक्षिणेतील मत्स्यप्रक्रिया उद्योग.
पट्ट्याचा वेग बारा टक्क्यांनी वाढवला असता
पाळी ब मधील कामगारांनी बदलास विरोध केला.
अनौपचारिक नेतृत्व : कर्मचारी क्रमांक सात,
वय अठ्ठावन्न, शिक्षण प्राथमिक, स्वभाव हटवादी.
विरोधाची कारणे सांगा. गुण दहा.'

बारा टक्के. पाळी ब.
मी पुन्हा वाचलं.
क्रमांक सात म्हणजे एर्मेलिंदा कार्कामो.
क्रमांक आठ मी.

विरोध वगैरे काही झाला नव्हता.
कुणी घोषणा दिली नाही, कुणी बैठक बोलावली नाही.
पट्टा पळायला लागला, आणि सहाव्या जागेवरच्या यास्नाचा
अंगठा वळेना. काटे उपटायचा चिमटा निसटायचा.
तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं,
सांगितलं की घरी पाठवतात.
एर्मेलिंदानं मान न वळवता दोन तुकडे
काट्यांसकट पुढे जाऊ दिले.
मग मी दोन. मग नववीनं, दहावीनं.
संध्याकाळी पट्ट्याच्या टोकाला काटेरी तुकड्यांचा ढीग,
कुणाचा कुठला, देवालाही कळू नये असा.
शाळेत एकीचं गणित चुकलं की
अख्ख्या बाकानं चुकवायचं, तसं.
आम्ही त्यावर एक शब्दही बोललो नाही.
अजूनही नाही.

मुकादम चार दिवस शिट्टी फुंकत फिरला.
पाचव्या दिवशी पांढऱ्या हेल्मेटातला एक जण आला,
हातात पॅड, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला.
'काही अडचण?'
एर्मेलिंदा म्हणाली, पाणी गार आहे.
त्यानं काहीतरी टिपून घेतलं.

बेंजामिन भराभर लिहीत होता :
संवादाचा अभाव. असुरक्षिततेची भावना.
चूक नव्हतं ते.
नुसतं गुळगुळीत होतं, काटे काढलेल्या तुकड्यासारखं,
बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं.
माझ्याकडे अंगठा होता, चिमटा होता, ढीग होता,
दहापैकी दहा गुण मिळतील एवढा ऐवज.
आणि यास्ना अजून सहाव्या जागेवर उभी असते.

मी लिहिलं : संवादाचा अभाव.
खाली थोडी जागा सोडली
आणि पेनाला टोपण लावलं.

पेपर गोळा करत इचेवेरी माझ्याजवळ थांबले.
अर्धं पान कोरं बघून म्हणाले,
'काही अडचण?'

दोन शब्द. तोच आवाज.
इतके महिने हेल्मेटाशिवाय
मी त्यांना ओळखलं नव्हतं,
आणि त्यांनी मला, टोपी-मास्कशिवाय.
म्हणजे त्यांनी मला पाहिलंच कुठे होतं म्हणा,
नुसते डोळे, एका ओळीत बारा जोड्या.

मी म्हटलं, हीटर, सर.
एकाच बाजूला लागतो.

त्यांनी उजवीकडच्या रिकाम्या बाकांकडे
प्रथमच नीट पाहिलं,
आणि खिशातून वही काढून
काहीतरी टिपून घेतलं.