वाफसा

उपकेंद्राच्या क्वार्टरमागे
सतरा पावलं लांब, नऊ रुंद.
बांधकाम संपलं तेव्हा उरलंसुरलं सगळं
ठेकेदारानं इथंच पालथं केलं होतं:
गिट्टी, फुटक्या टाईल, गठ्ठा झालेलं सिमेंटचं पोतं,
आणि त्याखाली कुठंतरी काळी माती,
अबोला धरलेली.

पैकूजीनं टिकाव मारला. ठिणगी उडाली.
"हे माती नोहे सिस्टर," तो म्हणाला,
"हे तं ठेकेदाराचं बिल व्हय."

लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरात
मागची पानं कोरी होती.
मी तिचंही कार्ड काढलं.
वजन: माहीत नाही.
लक्षणं: वाळली की दगड, भिजली की लापशी,
लिंबू पिळलं तर फसफसते.
सल्ला: आहार.

थंडीभर भरवलं तिला.
हरभऱ्याचं कुटार, शाळेच्या खिचडीची सालं,
पंचफुलाबाईच्या गोठ्यातलं शेण,
ताजं नाही, वास विसरलेलं.
तिनं चुलीची राखही आणली, ती परत पाठवली;
आधीच खारट तोंडाची आहे ही.
फाल्गुनात पळस पेटला
आणि गावभर पालापाचोळाही पेटला.
मी दारोदार सांगत फिरले,
जाळू नका, मला द्या.
पोलिओच्या डोसाला लपणारी पोरं
निंबाच्या पाल्याची पोती ओढत आली.

वैशाखात भेगा.
मनगट जाईल एवढ्या.
मी बुजवायला बसले.
"बुजवू नोका," पैकूजी म्हणाला, "पाजा."
मग घमेल्यानं कुजकं खत त्या तोंडांत सोडलं,
दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
माती आपली आपण गिळते, आतल्या आत उलटते,
कुदळीला विचारत नाही.

आषाढात चूक केली.
ओल्यातच फावडं घातलं.
दोन दिवस उघडीप होती, मला घाई होती.
दिवाळीपर्यंत तिथं विटा होत्या.
पैकूजी काही बोलला नाही,
फक्त तीन दिवस चहाला आला नाही.

चौथ्या दिवशी आला, माझी मूठ उघडून
तीत मातीचा गोळा ठेवला.
आवळा. कंबरेएवढ्यावरून सोडा.
चिकटून राहिला तर घरी जा.
भुगा उडाला तर उशीर झाला.
पडून नुसता उकलला,
तर तो वाफसा.

दोन दिवस राहतो. कधी एकच.
पहाटे कुणाच्या कळा सुरू झाल्या
की दुपारी हात धुऊन येईस्तोवर
निघून गेलेला असतो.
किती वाफसे असे हुकले,
त्यांची नावं मात्र आठवतात:
रेणुका, जुळी पोरं, टेकामांची तिसरी.

रजिस्टरात पुढं एवढंच आहे:
भाद्रपद, गांडूळ एक.
भाद्रपद, एका कुदळीत अकरा.
त्यानंतर नोंद नाही.
बाळसं धरलेल्या पोरांच्या कार्डावर
मी तरी कुठं काय लिहिते?

बदलीचा कागद आला
तेव्हा ढेंचा गुडघ्याला लागत होता.
चार्ज दिला: वजनकाटा, फ्रिज, दोन खाटा,
एक स्टूल (पाय मोडका).
यादीत मातीचा रकाना नव्हता.

नवी सिस्टर पांढऱ्या सँडलमध्ये मागच्या दारात उभी राहिली.
"ही कसली भाजी?"
भाजी नाही, म्हटलं. फुलायच्या आधी कापायचं
आणि इथंच गाडायचं.
"मग खायचं कोणी?"
मी खाली बोट दाखवलं.

ती हसली, की तिला कळलं नाही,
एवढं पाहायला वेळ नव्हता,
जीप हॉर्न देत होती.
पैकूजीनं वाकून ढेंच्याच्या बुडातली माती उचलली,
आवळली,
हात कंबरेशी नेला
आणि सोडला.

आम्ही तिघंही वाकलो.