फळ्या अकरा

पाणी उतरून तीन दिवस झाले,
आज कुठे बेलापुरात धड ऊन पडलंय.
तळघराच्या तोंडाला लावलेल्या फळ्या
हिराजी एकेक करून सोडवतो.
ॲल्युमिनियमच्या, एरवी हलक्या,
गाळ बसला की म्हशीसारख्या जागची हलत नाहीत.

"खाडीचं पाणी व्हतं, बाई.
पावसाचं असतं तर फडक्यानं भागलं असतं.
मीठ दिसत नाय. मागनं खातं."
दिवाळे गावचा माणूस. नखानं खाच खरवडून बघतो
आणि नळ पुन्हा सोडायला सांगतो.

तारेची घासणी नको. मऊ ब्रश.
रबराला तर नुसतं बोट,
आणि बोट पोचत नाही तिथे
मकबूलच्या मुलीचा जुना टूथब्रश, गुलाबी.

मी रजिस्टर घेऊन पायरीवर.
पहिली ठीक. दुसरी ठीक.
तिसरीला पोचा. त्या रात्री घाईत
कुणाची स्कूटर आदळली, ते आम्ही विचारत नाही.
चौथीचं रबर कडेला फाटलंय, दोन पेरं.
"इथूनच येत होतं," मकबूल म्हणतो.
तिथे त्यानं आपली लुंगी कोंबली होती.
अजून आहे. निघता निघत नाही.

सहावी.
आतून चकचकीत. बाहेरून छातीपर्यंत काळी रेघ.
हिच्यावर रात्रभर कुणीतरी ठोकत होतं.
ठक. मग बराच वेळ काही नाही. ठक.
मी ओरडले, कोण आहे?
वरून बॅटरी मारली तर पोळपाट.
लाकडी, तीन पायांचा, एक पाय आखूड.

नाल्यापलीकडच्या खोल्यांना फळ्या नव्हत्या.
आपल्या दाराशी अडलेलं पाणी
मग कुठे गेलं, हे मी सभेत विचारणार होते.
सभेत टाळ्या झाल्या. पेढे आले.
मी दोन खाल्ले.

फळ्या सावलीत वाळवायच्या, उन्हात रबर तडकतं.
मग पावडर. मग उभ्या ठेवायच्या,
दोघींच्या मधे लाकडाची पट्टी,
एकमेकींवर रेलू द्यायच्या नाहीत.
बोल्टांना ग्रीस, बोल्ट पिशवीत,
पिशवी खुंटीला, उंदरांच्या वर.
किल्ली यंदा माझ्याकडे.
मागच्या वर्षी ती सेक्रेटरींबरोबर शिर्डीला गेली होती.

पोळपाट हिराजीनं न सांगता धुतला,
फळ्यांच्याच रांगेत टेकवून ठेवला.
संध्याकाळी मी तो घेऊन पलीकडे गेले.
चार दारं. चौथीनं हातात घेतला,
उलटा करून पाय चाचपले,
म्हणाली, "माझा असता तर बरं झालं असतं."
आणि परत दिला.

फळ्या अकरा. खांब चार.
बोल्ट बत्तिसातले एकतीस.
शेरा: चौथीचं रबर बदलणे.
त्याखाली: पोळपाट एक.
पुढची मोठी भरती कधी, म्हणून मी मोबाइल काढला.
"अवसेला," हिराजी म्हणाला,
हात पुसत, आकाशाकडे न बघता.