केर

माझा बाप सुकलाल, जळगावच्या सराफ बाजारात
दुकानं उघडायच्या आधी पोचायचा.
हातात केरसुणी, काखेत घमेलं.
पायऱ्या, उंबरे, गटारीचा काठ,
सोनारांच्या कानशीखालून उडालेलं जे कुणाला दिसत नाही
ते झाडून आणायचा घरी.
चिखल वाहून जायचा, पारा फिरायचा,
आणि शेवटी घमेल्याच्या बुडाशी
मोहरीच्या निम्म्या दाण्याएवढं काहीतरी चमकायचं.
"केर म्हनू नको," म्हणायचा,
"कोनं काय सांडं, केरले समदं माहीत राहस."

मी आता एमआयडीसीत, चेतना भंगाळेंच्या दुकानात.
दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, दोन कॉम्प्युटर, चिकटपट्टीची रिळं.
गिऱ्हाईक कधी आत येत नाही.
आम्ही विकतो केमोनंतरचे टोप,
म्हाताऱ्यांचे लंगोट,
आणि सिलिकॉनचे स्तन,
सुटे, डावे किंवा उजवे.

खोक्यावर वस्तूचं नाव नसतं.
कुरियरच्या पोराला पत्ता दिसतो, माप दिसत नाही.
मला माप दिसतं, कार्डाचा नंबर दिसत नाही.
जन्मतारीख विचारायचीच नाही, ताई पहिल्या दिवशीच म्हणाल्या,
जे घेतलं नाही ते हरवणार कसं?
बिलं वेगळ्या कुलपात, ती सरकारला लागतात.
बाकीचं, माप, बाजू, फोन,
परत करायची मुदत संपली की पुसायचं.
शुक्रवारी. चहाच्या आधी.

एक जण आला होता पांढऱ्या गाडीतून, पेढ्यांचा पुडा घेऊन.
यादी हवी होती.
नावं नकोत म्हणाला, नुसती गावं आणि वयं,
मोठ्या दवाखान्याचं काम आहे, बायांचंच भलं होईल,
ओळीला वीस रुपये.
नावं नकोत!
झारेकऱ्याच्या पोरीला सांगतो.
एरंडोलकडचं एक खेडं, वय एक्केचाळीस, डावी बाजू,
एवढा केर घमेल्यात फिरवला
की बुडाशी कोण चमकतं
ते मला ठाऊक नाही?
ताईंनी पुडा न सोडता परत दिला.

पण मीही एकदा घमेलं हलवलं.
पडद्यावर आडनाव आलं, अत्तरदे,
आणि पत्ता पिंप्राळ्याचा, आमच्या मागच्या गल्लीतला.
सहावीत अपूर्णांक शिकवलेल्या बाई.
खोकं पाठवून झालं होतं,
तरी संध्याकाळी मी ती ऑर्डर परत उघडली.
का, ते अजून सांगता येत नाही.
कोण कधी काय उघडतं त्याचीही नोंद होते आमच्याकडे.
सकाळी ताईंनी विचारलं, "दोनदा का?"
मी टेप ओढत राहिले.
"ही नोंद मी पुसणार नाही," एवढंच म्हणाल्या.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग डिसेंबरात, बाजारात,
भरताच्या वांग्यांच्या ढिगापाशी बाई उभ्या.
"काय गं, कुठं असतेस हल्ली?"
एमआयडीसीत. पॅकिंगला.
"काय पॅक करता?"
खोकी, बाई.
हसल्या. अपूर्णांक चुकला की हसायच्या तशाच.
मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते,
डोळे खाली जाऊ नयेत म्हणून
मान दुखेपर्यंत.
त्यांनी एक वांगं माझ्या तळहातावर ठेवलं.
"हलकं बघून घ्यावं. जड असलं की आत बियाच बिया."

त्या शुक्रवारी त्यांची मुदत संपली.
पुसलं. मग खात्री करायला शोधून बघितलं,
त्याचीही नोंद झाली असणार, होऊ दे.
माझा बाप असता तर घमेलं उजेडाकडे तिरपं करून
कितीतरी वेळ बसला असता.
बस म्हणावं.
नुसतं पाणी आहे.