मागची सीट

पडदा सुटला तो यांच्या डाव्या डोळ्यातला.
डॉक्टर म्हणाले, जिना जपून, उन्हात गॉगल,
आणि गाडी...
यांनी खिशातून किल्ली काढली
आणि तिथेच टेबलावरून माझ्यापुढे सरकवली,
हॉटेलात दुसऱ्याकडे बिल सरकवतात तशी.

दसरा मैदानावर तीन महिने.
बुलेट दोनदा आडवी झाली, एकदा मी.
खासगीवाले काकू गॅलरीतून, "अगं, या वयात?"
वय माझं एक्कावन्न, गाडीचं एकोणतीस.
थंडीत सुरू व्हायला दोघींनाही वेळ लागतो.

आज माघातला रविवार.
रामबागेतून निघालो तेव्हा रस्त्यावर दूधवाले फक्त.
बिलावलीवर धुकं इतकं, की एक बगळा दिसला
आणि त्याच्या पायाखाली तलाव असणार
असं आपलं धरून चालायचं.

सिमरोलला पोहे, वर शेव, जिरावण.
टपरीवाला यांच्याकडे बघून म्हणाला,
"भिया, घाट में भी भाभीच चलाएगी?"
"मेरे को बिठा लिया," हे म्हणाले, "येई भोत है."

घाटातल्या पहिल्या वळणावर मी डावीकडे झुकले,
हे उजवीकडे.
कोणाचं ऐकावं ते गाडीला कळेना.
मागे यांचा पाय जोर लावून दाबतोय,
जिथे ब्रेक नाही तिथे.
समोरून केळ्यांचा ट्रक, त्याचा तो लांबलचक हॉर्न.

कडेला घेतली. इंजिन बंद केलं.
"गोणीसारखं बसा. गाडी जाईल तिकडे जायचं."

वाक्य यांचंच. याच घाटातलं.
लग्नाला नऊ दिवस झाले होते,
पदर कमरेला खोचलेला,
आणि मी रडले होते दरीकडे तोंड करून.
यांनी आज हेल्मेटची काच तेवढी खाली ओढली.

मग गोणी बोलायला लागली.
आता चढ. आता खडी असेल, सांभाळ.
आता पिंपळ येईल, बुंध्याला शेंदूर, खाली माठ.
रस्ता चौपदरी होतोय.
तिथे पिवळं मशीन उभं होतं, आणि कापलेली लाल माती.
"आला का?"
"गेला मागे."

चोरलच्या काठावर दशम्या, लसणाची चटणी.
हे पाणी बघत होते कोंबडीसारखी मान वाकडी करून,
थोडं थोडं, उजव्या डोळ्यात मावेल एवढं.
पलीकडच्या काठावर कोणी म्हशी धूत होतं.
मोजा, म्हटलं.
सात म्हणाले.
नऊ होत्या. मीही सातच म्हटलं.

परतीचा रस्ता गावांमधून.
सागाची पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती.
ओल्या गव्हाचा वास, मग एकदम डिझेलचा,
एक कुत्रं आमच्यावर भुंकत फर्लांगभर धावलं
आणि काय करायचं होतं ते विसरून थांबलं.

बेरछाचा तलाव आला तो डावीकडून.
ऊन पाण्यावर आडवं पडलेलं, तांब्याच्या पराती मांडल्यागत.
मागे काहीच आवाज नाही.
हे उजवीकडच्या बाभळी बघत बसलेले.

अर्धा मैल पुढे जाऊन मी गाडी वळवली.
"कशाला?"
"साखळी वाजतेय, बघते."
साखळी मुकाट होती.
सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये, परत तोच तलाव,
आता उजवीकडे.
यांचा हात माझ्या खांद्यावर होता
तो जरा जड झाला.
बराच वेळाने म्हणाले, "साखळीला काही नाही झालेलं."
"नाही ना?"

राऊच्या पुढे यांना डुलकी लागली.
प्रत्येक खड्ड्याला यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर, टक.
टक.
पूर्वी ही टक माझी असायची, आणि हे ओरडायचे.

घरी आल्यावर किल्ली टांगायला मी टाचा उंचावल्या.
दाराजवळचा तो खिळा यांच्या उंचीचा.
हे बूट काढता काढता बघत राहिले,
मग म्हणाले,
"उद्या वीतभर खाली ठोकतो.
हातोडी दे फक्त शोधून."