वीस रुपयांत समुद्र

मुंबई पॉइंटच्या कठड्याशी
तीन पायांवर उभी माझी दुर्बीण.
चौथा पाय मी.
वीस रुपयांत प्रतापगड,
वीस रुपयांत मकरंदगडाचं खोगीर,
आणि आभाळ नितळ असलं
तर त्याच वीस रुपयांत समुद्र.

"कुठाय?"
डोंगर संपतात तिथं थांबा.
आता श्वास धरा. ती चकाकणारी रेघ.
"ती? एवढीच?"
एवढीच.
बशीच्या काठाला चहा उरतो, तेवढी.
पोरांना पटतं.
मोठी माणसं दुर्बीण उलटीकडून तपासतात.

दिवाळीआधीचे आठ दिवस माल एक नंबर.
हवा घासूनपुसून पालथी घातलेली,
रेघ अशी, की बोट फिरवलं तर कापेल.
नेमकं तेव्हा गिऱ्हाईक नसतं.
मग मीच बघतो, फुकटात.
अन्वर नालबंद म्हणतो, माझ्या घोडीला पण दाखव,
रोज तीच तीच माणसं वाहून कंटाळलीय.

जानेवारीत पहाटे वेण्णेच्या धक्क्यावर दव गोठतं,
होड्यांच्या फळ्यांवर मिठासारखा थर.
नवसारीच्या फ्रेनीबाईंनी बोटानं चाखून पाहिला होता.
"अळणी छे," म्हणाल्या.
आधी दोघं यायची, आता एकट्या येतात,
दुर्बिणीला डोळा लावतात, बराच वेळ.
"आज पन नाय दिसते, लहू."
आणि न दिसल्याचे दहा रुपये जास्त देतात.

मग अंजनी फुलते, फांदी न् फांदी निळी,
आणि खाली कोकणात राब पेटतात.
धुरानं रेघ गिळली की पाटी पालथी करतो:
आज फक्त प्रतापगड.

मे महिना विचारू नका.
मक्याची कणसं, गाड्यांचे हॉर्न, चपलांची दुकानं,
सूर्य बुडाला की टाळ्या वाजवतात
जसा काही तो उद्या यायचा नाही.

खोटं मी एकदाच बोललो.
जतकडच्या शाळेची सहल होती.
एक किडकिडीत पोरगा, मुठीत घामेजलेली नोट,
समोर नुसतं पांढरं.
म्हटलं, दिसतोय ना समुद्र?
"दिसतोय की," म्हणाला,
"जहाज बी हाय. आता वळतंय."
त्याची नोट मी परत दिली.
नंतर कितीदा त्याच जागी डोळा लावला.
जहाज काही आलं नाही.

हौसा विचारते, तू तरी गेलायस का कधी?
पोलादपूरपर्यंत गेलो होतो, मेव्हण्याच्या लग्नाला.
तिथून दिसत नाही.
आपल्या इथूनच बरा दिसतो, म्हटलं.
ती भाकरी उलटते, काही बोलत नाही.

जूनमध्ये दुकानांना गवताच्या झडी चढतात,
घोडे वाईला उतरतात,
दुर्बीण पोत्यात, पोतं माळ्यावर.
मोसम संपला, असं बाजारपेठ म्हणते.
मी ऐकून घेतो.
एका जुलैत दुपारी इरलं घेऊन पॉइंटवर गेलो.
कुणी नाही. माकडंसुद्धा नाहीत.
आणि दरीतून तो वर येत होता,
कड्यावर आपटत, फुटत, मागं जात, परत येत.
आधी मकरंदगड बुडाला,
मग जांभळीचे शेंडे,
मग माझी तिपाईची जागा, जिथं फरशीला तीन खड्डे पडलेत.
कमरेपर्यंत आला तेव्हा
आजूबाजूला बघून
कठड्याला जीभ लावली.

अळणी.

तरी उभा राहिलो थोडा वेळ.

घरी आलो तर हौसा चुलीपाशी.
"कुठं गेला होतास भिजायला?"
समुद्रावर, म्हटलं.
"पाय पुसून आत ये."